जुनी जपानी स्पोर्ट्स कार बेताच्या खर्चात घ्यायची आहे? ठाणे आणि नवी मुंबईतील खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या जपानी गाड्यांचा नाद असलेल्या, पण खिशाला मर्यादा असलेल्या मंडळींकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे आणि त्याआधी एक मारुती झेन होती. त्यामुळे काही उत्तरे नियमांवर आधारलेली आहेत, तर काही चुका करून शिकलेली आहेत.

‘विंटेज’ गाडी नेमकी कशाला म्हणायचे?

बोलताना आपण पंचवीस वर्षांच्या गाडीलाही सहज विंटेज म्हणतो, परंतु कायद्याची व्याख्या वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या खासगी गाडीचीच विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि अशी गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली ती डिसेंबर १९८३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बनलेल्या जपानी घराण्यातील या सर्वांत ओळखीच्या गाडीलाही ही पदवी मिळण्यासाठी डिसेंबर २०३३ उजाडावे लागेल. तेव्हा या पानावर ज्यांची चर्चा आहे त्या गाड्या कायद्याच्या नजरेत केवळ जुन्या गाड्या आहेत, आणि त्यांना जुन्या गाड्यांचेच सर्व नियम लागू होतात.

जपानहून माझदा मियाटा, निसान सिल्व्हिया किंवा टोयोटा एई८६ यांसारखी स्पोर्ट्स कार थेट मागवता येईल का?

व्यवहारात नाही. वापरलेली मोटार आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असले पाहिजे आणि ती मुंबईच्या बंदरातूनच आली पाहिजे. यातील शेवटच्या दोन अटी आपल्याला अगदी सोयीच्या आहेत, कारण जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असते आणि बंदर तर आपल्या दाराशी आहे. सगळे अडते ते पहिल्या अटीपाशी. माझदाने एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, सादर केली १९८९ साली, टोयोटाची एई८६ बनली १९८३ ते १९८७ या काळात आणि निसानची आर३४ स्कायलाईन जीटी-आर २००२ मध्ये थांबली. तीन वर्षांच्या चाळणीतून यांपैकी एकही गाडी खाली पडत नाही. त्यावर आयात शुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीइतका किंवा त्याहून अधिक भार पडतो तो वेगळाच.

पण या गाड्या जपानमध्ये मातीमोलाने मिळतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

एके काळी होते. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी होते. गाडी जुनी होत जाते तसा या तपासणीचा खर्च बोचू लागतो, म्हणून मालक चांगल्या अवस्थेतील गाडीही काढून टाकत असत. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा मानकांच्या अटीतून सुटते. त्यामुळे एकेक मॉडेल पंचविशी गाठते तसे तिकडचे खरेदीदार त्याच्यावर तुटून पडतात. आर३२ जीटी-आर १९८९ ची, म्हणून तिचा भाव २०१४ च्या आसपास चढला. १९९९ च्या आर३४ ची पाळी २०२४ मध्ये आली. आज या नावांच्या मागे ‘परवडणारी’ हे विशेषण लावायचे, तर ते जपानमध्येही धाडसाचे ठरेल.

एक गृहस्थ भारतात आधीच असलेली आयात केलेली जपानी कूपे फारच कमी किमतीत देत आहेत. विचार करावा का?

आधी कागद पाहावेत, गाडी नंतर पाहावी. काही आयात गाड्या परदेशी पाहुण्याबरोबर तात्पुरत्या परवान्यावर येतात आणि मुदत संपल्यावर त्यांनी परत जाणे बंधनकारक असते. त्या गेल्या नाहीत आणि दुसऱ्याच एखाद्या गाडीच्या क्रमांकावर फिरू लागल्या, तर सीमाशुल्क विभाग त्या जप्त करतो, आणि तेव्हा पैसे मोजलेला शेवटचा माणूस म्हणजे आपण असतो. आयातीच्या वेळचे सीमाशुल्काचे मूळ कागद, नोंदणी पुस्तिकेवरील चासी क्रमांक आणि प्रत्यक्ष पत्र्यावर कोरलेला क्रमांक हे तिन्ही तंतोतंत जुळत नसतील, तर चहा पिऊन निरोप घ्यावा.

मग ठाण्या-नवी मुंबईत बसून प्रत्यक्ष कोणत्या गाड्यांचा शोध घ्यावा?

भारतात बनलेल्या, पण मनाने जपानी असलेल्या. १९९३ ते २००८ या पंधरा वर्षांत आपल्याकडे काही अशा गाड्या विकल्या गेल्या, की त्यांच्या साध्यासुध्या चेहऱ्यामुळे त्यांची खरी योग्यता फार थोड्यांना कळली.

पहिले नाव अर्थातच १९९८ ते २००३ या काळातील पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचे, आणि त्यातही १.५ व्हीटेकचे. १,४९३ सीसीचे हे इंजिन १०६ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) शक्ती देते. व्हीटेकची करामत अशी, की कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी दोन प्रकारचे उंचवटे असतात. इंजिन सावकाश फिरते तेव्हा बुटका उंचवटा काम करतो आणि फेऱ्या पाच हजारांच्या आसपास गेल्या, की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकून रॉकर एकमेकांत अडकतात व उंच उंचवटा ताबा घेतो. त्या क्षणी इंजिनाचा आवाज बदलतो. घोळदार गुणगुण जाऊन एकदम खर्जातली हाक येते आणि गाडी पुढे ओढली जाते. हा अनुभव एकदा घेतलेला माणूस पुढे सिटीच्याच जाहिराती चाळत बसतो. मात्र जाहिरातीत नुसते ‘सिटी १.५’ लिहिलेले असेल तर खात्री करून घ्यावी, कारण व्हीटेक नसलेलीही १.५ होती. तसेच २००३ मध्ये आलेल्या, लोक जिला ‘डॉल्फिन’ म्हणतात त्या पुढच्या पिढीचे सुरुवातीचे इंजिन ७७ पीएसचे होते. ते पेट्रोल वाचवण्यात पटाईत होते आणि बाकी बाबतींत गरीब.

दुसरे नाव मारुती बलेनोचे, म्हणजे आजच्या हॅचबॅकचे नव्हे, तर १९९९ साली आलेल्या सेडानचे. १.६ लिटरचे इंजिन, ९४ पीएस, हलके शरीर आणि रॅलीच्या मैदानात कमावलेले नाव. तिचीच अल्टुरा नावाची स्टेशन वॅगन फारशी खपली नाही, म्हणून आज सुस्थितीतील अल्टुरा दिसली तर मी दोनदा विचार करणार नाही.

मित्सुबिशी लान्सर १९९८ पासून हिंदुस्तान मोटर्सने तिरुवल्लूरला बनवली. तिचे चालणे आजही अनेक नव्या गाड्यांना लाजवील, पण तिच्या सुट्या भागांबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये. २००६ ची लान्सर सेडिया दोन लिटरची आणि ११५ पीएसची आहे. त्याच वर्षीची होंडा सिव्हिक १३२ पीएसची आहे आणि तिला टायमिंग बेल्टऐवजी (व्हॉल्व्हची हालचाल पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) चेन आहे, ही मोठीच सोय. फक्त तिचे पोट जमिनीला फार जवळ आहे, त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक सोसायटीच्या फाटकापुढील गतिरोधकाशी तिची ओळख आवाजासह होते.

हात आणखी आखडता असेल, तर १९९४ ते २००७ मधील मारुती एस्टीम पाहावी. तिच्या नंतरच्या १.३ लिटर सोळा व्हॉल्व्ह इंजिनाची शक्ती ८५ पीएस होती आणि वजन नऊशे किलोच्या आत. आणि झेन? तिला मी शेवटी ठेवले, कारण तिच्याबद्दल मी निःपक्षपाती नाही.

झेनला किंवा एस्टीमला स्पोर्ट्स कार म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे नव्हे का?

काही अंशी आहे. परंतु जपानी स्पोर्ट्स कारची परंपरा केवळ स्कायलाईन आणि सुप्राची नाही. १९९१ मध्ये तिथे होंडा बीट आणि सुझुकी कॅपुचिनो आल्या. त्यांचे इंजिन ६६० सीसीच्या आत आणि शक्ती ६४ पीएसपुरती मर्यादित होती. त्यांची गंमत वेगात नव्हतीच, ती होती सातशे-साडेसातशे किलोच्या अंगकाठीत. कॅपुचिनोचे सुरुवातीचे एफ६ए इंजिन आणि आपल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे एफ८बी इंजिन हे एकाच घराण्यातील भाऊ आहेत, ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. झेनही त्याच वजनाची आणि तिचे ९९३ सीसी ॲल्युमिनियमचे इंजिन वर फिरायला उत्सुक. गायमुखच्या वळणांवर पहाटे पाच वाजता ५० ची गती जी मजा देते, तिला नाव काहीही द्या.

एकूण किती पैसे हाताशी असावेत?

गाडीच्या किमतीइतके महत्त्व तिच्या पहिल्या वर्षाच्या खर्चाला द्यावे. मी सिटी १ लाख ४० हजारांना घेतली आणि पहिल्या बारा महिन्यांत तिच्यावर ८५ हजार रुपये घातले. त्यात टायमिंग बेल्ट व वॉटर पंप, क्लच, चार टायर, सस्पेन्शनची सर्व बुशिंग (सांध्यांतील रबरे) आणि ज्याचा उल्लेख पुढे येणार आहे ते पत्र्याचे काम होते. म्हणून आपल्याकडे दोन लाख असतील तर सव्वा लाखाची गाडी पाहावी. दोन लाखांची पाहू नये. मात्र याला एक अपवाद आहे: एकाच मालकाची, कागद जपलेली आणि छपराखाली उभी राहिलेली गाडी चाळीस हजारांनी महाग असली, तरी शेवटी तीच स्वस्त पडते.

गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

गंज. लोक बोनेट उघडून इंजिन पाहत बसतात, आणि मी स्वतः तेच केले होते. इंजिन दुरुस्त होते, वेळ पडल्यास बदलताही येते. मात्र कुजलेला पत्रा ही संपूर्ण गाडीचीच अखेर असते. ठाणे आणि नवी मुंबई खाडीला लागून आहेत. जवळजवळ चार महिने पाऊस, वर्षभर दमट आणि खारी हवा, त्यात रस्त्याकडेला उघड्यावर उभी राहणारी गाडी, इतके साहित्य लोखंडाला पुरेसे आहे.

माझी सिटी मी कोपरखैरणे येथील एका विक्रेत्याकडून घेतली. गाडीखाली वाकून पाहिले तर सर्वत्र काळाभोर, चकचकीत अंडरबॉडी कोटिंग. किती निगा राखली आहे, असे मला वाटले. जुलैत घोडबंदर रोडवर गुडघाभर पाण्यातून जाताना शेजारी बसलेल्या मेहुण्यांनी एकाएकी दोन्ही पाय वर घेतले. मॅटखालून पाणी उसळत होते. दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधील मिस्त्रींनी गालिचा उचलला, त्या सुंदर काळ्या थरावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि अंगठ्याने जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रा उरलाच नव्हता, होते ते केवळ कोटिंग.

तेव्हापासूनचा माझा नियम असा, की वीस वर्षांच्या गाडीचे पोट मळलेले असावे. ताजे कोटिंग दिसले तर ते काय झाकते आहे हे विचारावे. दोन्ही बाजूंचे दरवाजाखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, बॅटरीखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीची विहीर आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे टोक जिथे पत्र्याला जोडले जाते ती जागा, ही ठिकाणे बोटांनी चाचपावीत. फ्रिजला लावायचे एक साधे चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते निसटते तिथे आत पुट्टी भरली आहे असे समजावे. मडगार्डवर एखादी वीतभर पुट्टी असणे आपल्या वाहतुकीत क्षम्य आहे, परंतु छताच्या खांबावर ती आढळली तर गाडी कधीतरी उलटली किंवा जबर ठोकली गेली आहे.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

२६ जुलै २००५ नंतर कितीतरी गाड्या स्वच्छ धुऊन पुन्हा बाजारात आल्या, आणि तशी वेळ लहान प्रमाणात जवळजवळ दर पावसाळ्यात येते. पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढून काढावा. वापरात न येणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर आडवी तपकिरी रेघ असेल, तर पाणी तिथपर्यंत आले होते. गालिच्याखाली आणि सीटच्या रुळांच्या खाचेत वाळलेला बारीक गाळ सापडतो. अशा गाडीचे इंजिन कदाचित उत्तम असेल, पण वायरिंग पुढची पाच वर्षे छळत राहील. घेऊ नये.

इंजिनाची परीक्षा सामान्य माणसाने कशी करावी?

आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असे मालकाला आधीच सांगावे, आणि पोहोचताच बोनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले, तर थंड इंजिनाची काहीतरी कुरबुर लपवली जात आहे. त्यानंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. आत दह्याच्या सायीसारखा पांढुरका थर असल्यास ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालील सील, फुटल्याचा संशय घ्यावा. सुरू केल्यावर येणारा निळसर धूर ऑइल जळत असल्याचा असतो. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंट जळत असल्याचा. शक्य असल्यास चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यावे. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे अधिक बोलके असते.

मीटरवरील किलोमीटर हा केवळ एक अंक मानावा, कारण तो मागे फिरवता येतो. क्लच पेडलचे झिजलेले रबर, स्टिअरिंगवरची चकाकी आणि चालकाच्या सीटची बसलेली कड खरे बोलतात. टायरवरचे चार आकडेही पाहावेत: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली, तरी आठ-दहा वर्षांचे रबर पावसात भरवशाचे नसते.

कोणती कागदपत्रे तपासावीत?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये आहे. आयात केलेल्या चारचाकीसाठी हाच आकडा ८०,००० आहे. त्यावर पर्यावरण कर आहेच. म्हणून नोंदणी कधी संपते, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. संपत आलेली असेल तर नूतनीकरण विक्रेत्याने करून द्यावे, असा आग्रह धरावा. त्या तपासणीत गाडी उत्तीर्ण होते की नाही, हे आपल्याला फुकटात कळते.

नोंदणी पुस्तिकेवरचे नाव आणि समोर बसलेली व्यक्ती एक आहे का, हे पाहावे. ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत चांगल्या राखलेल्या गाड्या बहुधा वडिलांच्या नावावर असतात आणि वडील हयात नसतात. अशा वेळी आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर झाली पाहिजे. आपल्या नावावर हस्तांतराचे नमुने २९ आणि ३० त्यानंतर भरता येतात. वारस तीन असतील, तर तिघांची संमती लेखी असावी. ‘सह्या करून देतो, तुम्ही नंतर बघा’ या वाक्याला भुलू नये. कधीकाळचे कर्ज फिटले तरी बँकेचा बोजा पुस्तिकेवर तसाच राहिलेला असतो. तो काढण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे पत्र लागते. न भरलेली ई-चलने गाडीच्या क्रमांकावरून मोबाइलवरच दिसतात. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली असणेही आवश्यक आहे.

आणि चासी क्रमांक स्वतः वाचावा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, की छाप उमटते. गंजाने अक्षरे खाल्ली असतील, तर प्रत्येक तपासणीला वाद उभा राहील.

दिल्लीच्या गाड्या खूप स्वस्त दिसतात. तिकडून आणावी का?

दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांवर पंधरा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिथल्या गाड्या देशभर पसरल्या. त्यांचा एक गुण नाकारता येत नाही: कोरड्या हवेमुळे पत्रा बहुधा आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी चांगला असतो. परंतु नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा रस्ता कर, येथील नोंदणी आणि ट्रेलरचे भाडे जोडल्यावर स्वस्ताई बरीचशी विरते. नोंदणी जिवंत असेल आणि ना-हरकत प्रमाणपत्र मिळवून देण्याची लेखी हमी असेल, तरच पुढे जावे. दुर्मीळ गाडीसाठी हा खटाटोप मी करीन. साध्या झेनसाठी मुळीच नाही.

गाडी कुठे शोधावी?

ऑनलाइन जाहिरातींपेक्षा सोसायटीचे सुरक्षारक्षक आणि जुने मिस्त्री जास्त उपयोगी पडतात. वाशी, नेरुळ, बेलापूर येथील सिडकोच्या जुन्या वसाहतींत आणि ठाण्यात वर्तकनगर, नौपाडा भागात कव्हरखाली झाकलेल्या गाड्या अजून आहेत. क्रमांक एमएच-०४ किंवा एमएच-४३ असेल, तर आरटीओ कार्यालयही जवळचे आणि कामही सोपे. भाव करताना दोष मोजून दाखवावेत, पण मालकापुढे त्याच्या गाडीला खटारा म्हणू नये. वीस वर्षे जपलेली वस्तू माणूस चांगल्या हातात देण्यासाठी पाच-दहा हजार सहज सोडतो, आणि अपमान झाला तर एक रुपयाही सोडत नाही.

गाडीत बदल करून घेता येतील का?

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला, की उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात मूलभूत बदल करता येत नाही. कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोकळा सायलेन्सर आणि दुसऱ्याच गाडीचे इंजिन यांच्या वाटेला जाऊ नये. चांगली ब्रेक पॅड, नवी बुशिंग, ताजे शॉकॲब्सॉर्बर आणि उत्तम टायर यांनी जुनी गाडी इतकी बदलते, की बाकीच्यांची आठवण होत नाही. शिवाय पुढे विकताना मूळ रूपातल्या गाडीलाच किंमत येते.

ई-२० पेट्रोल चालेल का?

नव्वदच्या दशकातील गाड्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल जुने रबर सैल करते आणि हवेतील पाणी शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंजाची सोय होते. गाडी घेताच पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्यात आणि फिल्टर बदलावा. कार्बोरेटरची गाडी असेल तर त्याचा गॅस्केट संचही बदलावा. गाडी दर आठवड्याला निदान वीस किलोमीटर चालवावी. जुन्या नळीतून टपकणारे पेट्रोल गरम इंजिनावर पडणे हा केवळ बिघाड राहत नाही, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

विम्याचे काय?

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्यावरील गाडीला ७,८९७ रुपये पडतात, जीएसटी वेगळा. म्हणजे १,४९३ सीसीची सिटी अलीकडे राहते आणि १.६ लिटरची बलेनो पलीकडे जाते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. कंपनीने सुचवलेला आकडा मुकाट्याने स्वीकारू नये.

सुटे भाग मिळतात का?

मारुतीचे सर्वांत सहज मिळतात. पहिल्या पिढीची सिटी मुळात १९९६ साली थायलंडमध्ये आली असल्यामुळे काही भाग तिकडून मागवता येतात, आणि इंजिनाचे भाग येथेही मिळतात. दिवे, बंपर, दरवाज्यांची रबरे ही मात्र शोधाशोध करण्याची गोष्ट झाली आहे. त्यासाठी कुर्ल्याला जुन्या भागांच्या दुकानांत फेरी मारावी, आणि जाताना आपला तुटलेला भाग बरोबर न्यावा. लान्सरची स्थिती सर्वांत बिकट. भागांचा एखादा साठा किंवा लान्सर सांभाळणारा मिस्त्री माहीत असल्याशिवाय ती घेऊ नये, असे मी कितीतरी जणांना सांगितले. त्यांतल्या निम्म्यांनी तरीही घेतली.

रोज ऑफिसला ही गाडी नेता येईल का?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून महापेला जाण्यास नेता येईल. घोडबंदरच्या रोजच्या कोंडीत नेऊ नये, क्लच आणि रेडिएटर दोन्ही थकतात. या गाड्यांत बहुधा एअरबॅग नसतात आणि एबीएसही नसते, ही गोष्ट पावसात प्रत्येक वळणावर लक्षात ठेवावी. पाम बीच रोडवर रात्री कोणी शर्यतीसाठी खुणावले, तर त्याला पुढे जाऊ द्यावे.

एक सिटी व्हीटेक पाहून आलो. पत्रा स्वच्छ, कागद पूर्ण, मालक सज्जन. परंतु टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे त्यांना आठवत नाही. घ्यावी का?

घ्यावी. मात्र घरी चालवत आणू नये. या इंजिनात बेल्ट तुटला, की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि दहा हजारांच्या आतले काम इंजिन उघडण्यावर जाते. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसाच वर्षांनीही वाळतो, त्यामुळे ‘गाडी फारशी चाललीच नाही’ हे उत्तर येथे दिलासा देणारे नाही. पैसे देऊन झाल्यावर टोइंगची गाडी बोलवावी, थेट गॅरेजला न्यावी, बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदलावेत आणि त्या बिलावर तारीख व किलोमीटर लिहून ते नोंदणी पुस्तिकेबरोबर ठेवावे, म्हणजे पुढच्या खरेदीदाराने हाच प्रश्न विचारला तर आपल्याकडे उत्तर असेल.